निर्मनुष्य टोकियोतील पॉमेरेनियन

मनुष्यजात एकाएकी नाहीशी झाली तर तिने पाळलेल्या प्राण्यांचे काय होईल, या प्रश्नाचे उत्तर एखाद्या तत्त्वज्ञाने द्यावे अशी अपेक्षा असताना ते एका जपानी व्हिडिओ गेमने द्यावे, आणि तेही मांडीवर वाढलेल्या पॉमेरेनियन कुत्र्याला नायकपद बहाल करून द्यावे, हे प्रथमदर्शनी हास्यास्पदच वाटते. ‘टोकियो जंगल’ हा तो खेळ. योहेई काताओका यांच्या दिग्दर्शनाखाली क्रिस्पीज या छोट्या जपानी संस्थेने तो रचला व सोनीने २०१२ साली प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला.

ओस पडलेल्या शिबुया भागात हा कुत्रा सशांवर व कोंबडीच्या पिल्लांवर गुजराण करतो. मोजणीदाराने शिवेवर दगड रोवावेत तसा खुणा करीत मुलूख आपल्या कब्जात घेतो. मग जोडीदार गाठून, संततीच्या हाती वारसा सोपवून, पुढल्या पिढीच्या रूपाने तीच वाट चालू लागतो. हलक्या प्रतीची जोडीदारीण पत्करली तर अंगावर पिसवा चढतात! दर दहा वर्षांच्या मुदतीत काही कामगिऱ्या पार पाडाव्या लागतात, प्रदूषणाचे विष अंगात भिनत जाते, भुकेचा आकडा अखंड घसरत असतो. पुढे सिंह, मगरी, हत्ती, फार काय डायनासोरही रस्त्यात भेटतात, आणि अशा भीषण प्रसंगी आपला कुत्रा डोक्यावर टोपी घालून उभा असतो.

आमच्या वाघ-बकरीच्या पटावर वाघ बकरीवरून उडी मारून तिला उचलतो, पण त्या वाघाला पोट नसते. तेथे केवळ डावपेच असतात. ‘टोकियो जंगल’ने प्राण्याला पोट दिले, हीच माझ्या मते त्याच्या मोहिनीची खरी मेख आहे. विनोद वरवरचा आहे. आत जो हिशेब चालतो तो कठोर आहे, आणि खेळणाऱ्याला कळण्याच्या आत तो त्या क्षुद्र जिवाच्या काळजीत गुंतलेला असतो.

या हिशेबात एक रकाना मात्र मुळीच नाही, आणि तो मराठवाड्यातील वाचकाच्या तत्काळ ध्यानात येईल. भूक, दम, प्राण व विष यांची मापे पडद्यावर आहेत. तहानेचे माप नाही. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि ज्याच्या जिल्ह्यात त्या दुष्काळात जनावरांसाठी चारा छावण्या उभाराव्या लागल्या, तेथील माणसाला हे जगणे अर्धवट वाटल्यास नवल नाही. शिवाय कंधारची लाल कंधारी व देवणीची देवणी या गोवंशांची जोपासना पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात झाली आहे. चारापाणी करणारा मनुष्य वजा केला तर त्यांचे काय उरेल, हा प्रश्न शहरी कल्पनेतून जन्मलेल्या या खेळाला पडतच नाही. माणूस गेला की जनावर मोकळे झाले, एवढेच त्याचे गृहीतक.

बाकीचे दोष तुलनेने व्यावहारिक आहेत. कथेचे भाग सरळ हाती येत नाहीत. त्यांचे दस्तऐवज जगण्याच्या खेळात, म्हणजे वर सांगितलेल्या धडपडीत, शोधून एकेक भाग खुला करावा लागतो. नवा प्राणी मिळवायचा तर आधीच्या प्राण्याची कामगिरी आटोपा, काही प्राण्यांसाठी तर वेगळे पैसे मोजा. मेलात की पुन्हा पहिल्यापासून, त्याच त्या रस्त्यांवरून. त्यातून हा खेळ मुळात एका जुन्या यंत्रासाठी रचलेला आहे. नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांभोवतीची मुले, जी मोबाइलवरच खेळतात, त्यांच्या वाट्याला तो येणे कठीणच.

तरीही कोणा आप्ताच्या घरी ते यंत्र शिल्लक असेल तर अवश्य खेळावे, आणि आरंभी कुत्रा व हरीण असे दोन पर्याय पुढे येतात त्यांतील हरीण घ्यावे. त्याला शिकार करायची नसते; गवतात दडून, दुसऱ्याची नजर चुकवून फक्त चरायचे असते, आणि तेच, आश्चर्य म्हणजे, अधिक अवघड जाते.