रस्त्यावरचा राग आणि फौजदारी कायदा

मोटार चालविणाऱ्या माणसाच्या रागाला एक चमत्कारिक वेग असतो. घरात किंवा कचेरीत ज्याचा आवाज कधी चढत नाही, असा गृहस्थही मागून वाजणाऱ्या भोंग्याने अथवा आडव्या आलेल्या गाडीने क्षणार्धात बिथरतो, दार उघडून खाली उतरतो आणि ज्याची ओळखदेखही नाही अशा माणसाच्या गळपट्टीला हात घालतो. या रागाची मीमांसा मानसशास्त्रज्ञांनी करावी. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच, की ते दार उघडल्यानंतर कायदा या गृहस्थाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो.

आपल्या फौजदारी कायद्यात रस्त्यावरच्या रागासाठी वेगळा गुन्हा सांगितलेला नाही. १८६० च्या दंड संहितेत तो नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. राग हा गुन्हा नव्हेच. रागाच्या भरात जे हातून घडते त्याला कायदा नाव देतो, आणि हे नाव पाहता पाहता बदलत जाते. गाडी आडवी घालून दुसऱ्याची वाट अडविली, तर तो गैरनिरोध होय. त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. थोबाडीत मारली, तर ती इच्छापूर्वक दुखापत. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु ठोशाने दात तुटला, आणि असे काही होण्याचा संभव मारणाऱ्याला ठाऊक होता असे दिसले, तर ती जबर दुखापत ठरते आणि कैदेची मर्यादा एकदम सात वर्षांवर जाते. गाडीतली लोखंडी कांब हाती आली, की घातक साधनाने केलेल्या दुखापतीचे कलम लागू होऊ शकते. आणि समोरच्याच्या अंगावर मुद्दाम गाडी घातली, तर तेथे हयगयीचा प्रश्नच उरत नाही. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवता येतो.

मात्र मारणाऱ्याला आपल्या ठोशाचे वजन कळले, तरी समोरच्या डोक्याचे बळ कळत नाही. पतियाळाच्या खटल्यात सारा वाद याच भोवती फिरला. २७ डिसेंबर १९८८ रोजी त्या शहरात रस्त्याच्या मध्यावर उभ्या असलेल्या एका जिप्सी गाडीवरून तंटा झाला. मोटारीतून बँकेकडे निघालेल्या ६५ वर्षांच्या एका वृद्धाने ती बाजूला घेण्यास सांगितले. शब्दाने शब्द वाढला, वृद्धाला मारहाण झाली आणि त्याचा अंत झाला. आरोपी होते नवज्योतसिंग सिद्धू, त्या वेळी पंचविशीतले कसोटी क्रिकेटपटू, आणि त्यांचा एक सोबती.

१९९९ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची कैद सुनावली. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. मृत्यूचे नेमके कारण वैद्यकीय पुराव्यावरून निश्चित होत नाही. सबब मनुष्यवध सिद्ध नाही, सिद्ध आहे ती केवळ दुखापत, असे न्यायालयाने ठरविले आणि १,००० रुपये दंड केला. गुन्हा १९८८ चा, म्हणून जुन्या कलमाची दंडाची कमाल मर्यादा तेवढीच होती. एका माणसाच्या अंतानंतर एक हजार रुपये! मृताच्या कुटुंबाला हे पटले नाही यात नवल नाही. त्यांनी पुनर्विलोकनाचा अर्ज केला, आणि १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी दिली. गुन्ह्याचे नाव बदलले नाही, दुखापतच राहिले. परंतु बलिष्ठ, कसलेल्या खेळाडूचा हात हाच शस्त्रासारखा असू शकतो आणि समोर पासष्ट वर्षांचा माणूस होता, या गोष्टींकडे शिक्षा ठरविताना पूर्वी पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. दुसऱ्या दिवशी सिद्धू पतियाळाच्या न्यायालयात हजर झाले. १ एप्रिल २०२३ रोजी तुरुंगातून सुटले. काही क्षणांच्या तंट्याचा हिशेब मिटण्यास चौतीस वर्षे लागली, आणि या काळात दोन्ही घरांना तारखा पुरल्या असतील!

“पण राग अनावर झाला होता” ही सबब कितपत टिकते? गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटून मनुष्यवध घडला, अथवा पूर्वविचार न करता अकस्मात भांडणात, समोरच्याच्या अडचणीचा गैरफायदा न घेता व क्रूरपणा न करता तो घडला, तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवध ठरू शकतो. आरोप सौम्य होतो. आरोपी सुटत नाही. शिवाय प्रक्षोभाचे माप आरोपीच्या तापटपणाने नव्हे, साधारण समंजस माणसाच्या मानाने घेतात. मुंबईच्या १९५९ च्या नानावटी प्रकरणात पत्नीच्या कबुलीनंतर गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, आणि मन शांत होण्यास एवढा अवधी पुरेसा होता असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरविले. रस्त्यावर तर तेवढा वेळही मिळत नाही. पण तंटा सोडून गाडीकडे परत गेलेला माणूस सीटखालची कांब घेऊन पुन्हा आला, तर त्या येण्याजाण्याची पावले सरकारी वकील मोजल्यावाचून राहत नाही.

साध्या दुखापतीच्या खटल्यात जखमी माणसाला तडजोड करता येते. जबर दुखापतीत ती न्यायालयाच्या अनुमतीने होते. पुष्कळ प्रकरणे अशीच, पोलीस चौकीच्या बाकावर किंवा पहिल्या दुसऱ्या तारखेला, माफीवर मिटतात. सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात मात्र ही सोय नाही. आणखी एक परिणाम मोटारवाल्यांच्या सहसा ध्यानी नसतो. दखलपात्र गुन्ह्यात गाडीचा उपयोग केल्याचे दिसले, तर मोटार वाहन कायद्याच्या १९ व्या कलमाखाली परवाना देणारे अधिकारी चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन त्याचा परवानाच काढून घेऊ शकतात.