चित्रीकरणस्थळाची निवड आणि गावाची संमती

चित्रपटनिर्मितीची साधने आता सर्वसामान्यांच्या हाती आली आहेत. एके काळी कॅमेरा, फिल्म आणि रसायनशाळा यांवर मोठा खर्च करावा लागे. आज एखादा शिक्षक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी मोबाइलवरही लघुपट तयार करू शकतो. परंतु विषयाला अनुरूप स्थळ शोधणे आणि तेथे चित्रीकरणाची रीतसर मुभा मिळविणे, हे काम पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले आहे. हौशी चित्रपटकार ज्या गावी जातो, तेथील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्याशीच त्याची पहिली गाठ पडते. म्हणून या कामाची रीत त्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वसूचनेचे महत्त्व भारतीय चित्रपटाच्या जन्माइतकेच जुने आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या बाह्यचित्रीकरणासाठी मंडळी मुंबईजवळील वांगणी येथे गेली. भाले-तलवारी घेतलेले हे लोक पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला आणि मंडळींना अटक झाली. फाळके यांनी स्वतः येऊन कॅमेऱ्याचे प्रात्यक्षिक दाखविल्यावर त्यांची सुटका झाली, अशी हकीकत सांगितली जाते.

मणिबेलीचा दाखला

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे नर्मदाकाठचे आदिवासी गाव. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांत बुडिताची पहिली झळ मणिबेलीस लागली. १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरांत पाणी शिरले. काही कुटुंबे पुनर्वसन वसाहतींत गेली, काही डोंगरउतारावर वर सरकून राहिली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही जलाशयात गेले. नवे मंदिर गुजरातमध्ये गोरा येथे उभे आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) या अनुबोधपटात या खोऱ्यातील त्या वर्षांचे चित्रण आहे.

बुडालेले गावठाण आता नव्याने चित्रित करता येणार नाही. जे त्या वेळी टिपले गेले, तेवढेच दृश्यरूपाने उरले. गावाचे चित्रण म्हणजे गावाचा दस्तऐवजही असतो. म्हणूनच तो कोणी, कसा व कोणाच्या संमतीने तयार केला, या प्रश्नाला महत्त्व येते.

स्थळाची पाहणी

ज्या महिन्यात चित्रीकरण करावयाचे, त्याच महिन्याचा विचार करून पाहणी करावी. सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर, तर किमान वापर पातळी ११०.६४ मीटर आहे. म्हणजे दोहोंमध्ये सुमारे २८ मीटरचे अंतर आहे. पावसाळ्याअखेरीस जेथे पाणी दिसते, तेथे उन्हाळ्यात चिखलाचा काठ उघडा पडू शकतो. काठावरील पायवाटा आणि होडी लावण्याच्या जागाही त्यानुसार बदलतात. सकाळ-संध्याकाळचा प्रकाश, होडीच्या इंजिनाचा आवाज, वीज, मुक्कामाची सोय आणि जवळचे आरोग्य केंद्र यांचीही नोंद घ्यावी.

परवानगी कोणाची?

प्रथम जमीन कोणाची आहे, हे पाहावे. खाजगी जमिनीचा खातेदार सातबाऱ्यावरून कळतो. त्याची लेखी संमती घ्यावी. गावठाण वा सार्वजनिक जागेसाठी ग्रामपंचायतीकडे जावे. वनजमीन असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातून चौकशीस आरंभ करावा. मात्र त्या जमिनीवर एखाद्या कुटुंबास २००६ च्या कायद्यान्वये वनहक्क मिळालेला असल्यास त्या कुटुंबाचीही संमती घ्यावी. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालील अनुज्ञा लागते. शासकीय जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी व्यवस्था आहे. स्थानिक पोलीस ठाण्यास आगाऊ कळविणे केव्हाही हिताचे.

मणिबेलीपुढे आणखी एक प्रश्न येतो. नर्मदा ३५ किलोमीटर महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या आणि पुढे ३९ किलोमीटर महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरून वाहते. समोरचा काठ गुजरातचा असल्याने तेथे उतरून चित्रीकरण करावयाचे तर तेथील प्रशासनाशी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो. धरण व त्याचा परिसर संवेदनशील आहे. ड्रोन नियम, २०२१ अन्वये आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले असून, लाल विभागात केंद्र शासनाच्या अनुमतीवाचून उड्डाण करता येत नाही. नकाशा पाहिल्याखेरीज ड्रोन वर नेऊ नये.

ग्रामसभेचे स्थान

अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे. म्हणून कागदोपत्री परवानग्या हाती असल्या, तरी चित्रपटकाराने आपला विषय ग्रामसभेपुढे मांडावा आणि तो गावच्या बोलीत समजावून सांगण्यासाठी स्थानिक शिक्षकाचे साहाय्य घ्यावे. याच तालुक्यातील काठीच्या प्रसिद्ध होळीत अनेकजण व्रतस्थ राहून नाचतात. अशा प्रसंगी कोणाचे, कोठून आणि किती जवळून चित्रण करावे, हे गावानेच सांगावे.

ग्रामपंचायतीने यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी. चित्रीकरणाचे दिवस, विषय, सहभागी व्यक्तींची संमती, होडी व मजुरीचा मोबदला, पिकाच्या वा कुंपणाच्या नुकसानीची भरपाई आणि चित्रपट कोठे दाखविला जाणार, इतक्या बाबी तीत असल्या तरी पुष्कळ वाद टळतील. हौशी मंडळींजवळ पैसा थोडा असतो. त्यांच्याकडून अवास्तव रक्कम मागू नये. परंतु पैसा थोडा आहे म्हणून दिवसभर राबणाऱ्या नावाड्याची मजुरी बुडावी, हेही योग्य नव्हे.

अखेरची अट सर्वांत सोपी आणि बहुधा विसरली जाणारी आहे. पुरा झालेला चित्रपट गावात दाखवावा आणि त्याची एक प्रत शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्या मुलांनी आजोबांचे जुने घर कधी पाहिले नाही, त्यांना त्याचे अंगण पाहण्याचा मार्ग अशा प्रतीवाचून राहत नाही. गाव चित्रीकरणास जागा देते, तेव्हा या प्रतीवर त्याचा हक्क आहे, असे मानूनच परवानगी मागावी आणि ती द्यावी.