कोनी कंसाचे काम

कंस म्हटला की कुणाला मथुरा आठवेल, कुणाला शाळेतली पदावली. आज ज्या कंसाविषयी बोलावयाचे आहे तो या दोहोंहून कमी परिचयाचा आहे. गोल, चौकटी आणि महिरपी कंस आपण शाळेत शिकलो. दोन तिरप्या रेघा कोनात मिळून होणारा ⟨ ⟩ हा चौथा, कोनी कंस. गणितातली लहानमोठेपणाची चिन्हे दिसायला अशीच असतात. थॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या १६३१ साली छापलेल्या ग्रंथात ती प्रथम आली. पण ती एकेकटी येतात. कंस जोडीने येतो, आणि त्याच्या पोटातला मजकूर भोवतालच्या मजकुराहून निराळ्या जातीचा आहे, एवढे तो वाचकाला सांगतो.

हे सांगणे किती महत्त्वाचे, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. जुन्या ताम्रपटात ‘देवास बिघे जमीन दिली’ असे आढळले. आकडा कोरणारा विसरला. संपादकाने अन्य पुराव्यावरून ‘दहा’ हा शब्द घातला आणि खूण केली नाही, तर पुढचा अभ्यासक तो राजाचाच शब्द समजेल. उद्या त्यावरून वादही होईल. म्हणून १९३१ साली लायडन येथे जमलेल्या विद्वानांनी प्राचीन लेख छापण्याचे संकेत ठरविले. मूळ लेख फुटल्यामुळे गेलेली आणि संपादकाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात. लेखकाच्या हातून राहून गेलेली कोनी कंसात. ‘दि[ली]’ म्हणजे पत्रा तुटला होता. ‘दि⟨ली⟩’ म्हणजे पत्रा धड होता, हात चुकला होता. एका खुणेने दोन निरनिराळ्या घटना कळतात.

भाषाशास्त्रात हाच कंस अक्षराला ध्वनीपासून वेगळे करतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. दोहोंत अक्षर ⟨ज⟩ हेच आहे, उच्चार मात्र दोन आहेत. लिहिलेले अक्षर दाखवावयाचे तेव्हा कोनी कंस आणि प्रत्यक्ष उच्चार दाखवावयाचा तेव्हा चौकटी कंस, असा तेथे संकेत आहे.

आता संगणकाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जी माहितीजाळ्याची पद्धत उभी केली, तिच्यातली पाने अशाच टोकदार चिन्हांवर चालतात. कळफलकावरची लहानमोठेपणाची चिन्हेच तेथे कंस म्हणून वापरतात. त्यांच्या आतला मजकूर ही यंत्राला दिलेली आज्ञा असते: येथे परिच्छेद सुरू कर, येथे अक्षर ठळक कर. बाहेरचा मजकूर वाचकासाठी. साधा अभिप्राय लिहावयाच्या जागी कुणी दुष्टाव्याने आज्ञा लिहिली आणि पान बनविणाऱ्याने ती निवडून काढली नाही, तर यंत्र ती मुकाट्याने पाळते. परक्याचा शब्द आणि घरच्याचा हुकूम यांतली सीमा पुसली की चोराला दार उघडे मिळते.

ही सीमा राखण्याची चिंता आपल्याला नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले, जेथे पाठ निश्चित नाही तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ छापली आहे. चिन्ह निराळे, पण प्रामाणिकपणा तोच.

तेव्हा विद्वानांचे काम म्हणून हे सोडून देऊ नये. आपल्या घरात आजीची ओव्यांची वही असेल, आजोबांची पत्रे असतील. नातवंडांसाठी ती उतरवून काढताना वाळवीने खाल्लेली जागा चौकटीत दाखवावी आणि आजीकडून निसटलेला शब्द आपण घातला तर त्याला कोनी कंस करावा. वहीच्या पहिल्या पानावर या दोन खुणांचा अर्थ एका ओळीत लिहून ठेवावा. मग वाचणाऱ्याला आजी कोणती आणि आपण कोण, हे विचारावे लागणार नाही.