चावी हातात घेण्यापूर्वी

वाचकहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहा. जालन्याच्या एमआयडीसीत पहिली पाळी सुटली आहे. लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये नोकरी करणारा नातू घरी येतो, जेवणाचा डबा ओट्यावर ठेवतो आणि सांगतो, "पुढच्या महिन्यात चेन्नईला जाणार आहे, ट्रॅक डेला." शब्दाचा उलगडा होताच आजी हातातील पोथी मिटून ठेवते. "म्हणजे गाडीची शर्यत?" आजोबांचा स्वर चढतो. नातू शांतपणे आयोजकांनी पाठवलेली यादी वाचून दाखवतो. परवाना, प्रकृतीची माहिती, चालू असलेली औषधे, आदल्या रात्रीची पुरेशी झोप, टायरची स्थिती, ब्रेक, हेल्मेट, हातमोजे, बूट. यादी संपल्यावर सून हळूच म्हणते, "बाबा परवा चतुर्थीला राजूरला गाडीवर जाऊन आले. त्यांना यातलं एक तरी आपण विचारलं का?"

घरातील तरुणाच्या गाडीची काळजी आपण मोठ्या आवाजात करतो. चाळीस-पन्नास वर्षे गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठाची काळजी मात्र त्याच्या अनुभवावर सोपवून मोकळे होतो. हा लेख त्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांची वाट पाहत दारात उभ्या राहणाऱ्या घरच्यांसाठी आहे.

ट्रॅक डे म्हणजे काय?

प्रथम आजीची शंका दूर करू. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. बंदिस्त सर्किटवर, ठरावीक शुल्क भरून, आपली मोटारसायकल चालवण्याचा आणि शिकण्याचा तो दिवस असतो. तेथे क्रमांक लागत नाहीत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथील सर्किट सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचे आहे, कोइंबतूरजवळचे कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचे, तर ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचे. जालन्याच्या हौशी तरुणाला असे सर्किट गाठायचे तर लांबचा प्रवास करावाच लागतो.

ट्रॅकवर उतरण्यापूर्वी गाडीची तपासणी होते. चालकांना सूचना दिल्या जातात आणि अनुभवानुसार त्यांचे गट पाडले जातात. एका वेळी साधारण पंधरा-वीस मिनिटेच गाडी चालवायची, नंतर विश्रांती घ्यायची, अशी पद्धत असते. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, चामड्याचा पोशाख, पाठीचे संरक्षक कवच, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट लागतात. रुग्णवाहिका जागेवर उभी असते. एवढे असूनही धोका शून्य होत नाही. म्हणून घरातील मुलगा जाणार असेल तर त्याला अडवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: रुग्णवाहिका व डॉक्टर आहेत ना, शिकवणारे कोणी आहे ना आणि गाडी चालवण्याच्या आदल्या रात्री तो प्रवासात जागणार नाही ना.

ट्रॅकवर जे नसते ते आपल्या रस्त्यावर असते

सर्किटवर समोरून वाहन येत नाही. कुत्रे आडवे जात नाही, वळणावर वाळू सांडलेली नसते. आपल्या एमआयडीसीच्या रस्त्यांवर भंगाराने भरलेले ट्रक येतात, सळ्यांची टोके मागे बाहेर आलेली वाहने जातात, पाळी सुटली की शेकडो दुचाकी एकाच वेळी बाहेर पडतात आणि काही जण उलट्या दिशेनेही येतात. वेग तेथे अधिक असला तरी अनपेक्षित गोष्टी येथे कितीतरी जास्त.

थोडे गणित पाहू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला १० मीटर पुढे सरकते. समोर गाय दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत तरुणाला एक सेकंद लागला, तर गाडी १० मीटर गेली. वाढत्या वयात, गोंधळाच्या क्षणी, त्याच कामाला दोन सेकंद लागले तर ती २० मीटर जाईल. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी आठ-दहा मीटर हवेत. वेग दुप्पट केला की हे ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. वय आपल्या हाती नाही. वेग आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर आपल्या हाती आहे.

ट्रॅकवर शिकवले जाणारे तीन धडे ज्येष्ठांनाही उपयोगी पडतात. पहिला, जिकडे जायचे तिकडे पाहा. खड्ड्याकडे टक लावली की गाडी खड्ड्याकडेच ओढली जाते. दुसरा, वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात शिरल्यावर नव्हे. तिसरा, दोन्ही ब्रेक वापरा. आपल्यापैकी अनेकांची सवय पायाच्या ब्रेकची. वास्तविक गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळू नये, क्रमाने दाबावा; वाळू किंवा ओल असेल तेथे विशेष हलक्या हाताने. एखाद्या सकाळी मोकळ्या मैदानात, सोबत कोणी असताना, कमी वेगात याचा सराव करता येतो.

डोळे, मान आणि पाय

मोतीबिंदू वाढू लागला की दिवसा फारसे जाणवत नाही. रात्री मात्र समोरच्या दिव्याभोवती प्रकाशाचे वलय दिसते आणि क्षणभर काहीच दिसेनासे होते. काचबिंदूत कडेची दृष्टी हळूहळू कमी होते आणि रुग्णाला त्याची जाणीवही उशिरा होते. बाजूने आलेली सायकल 'अचानक' आली असे वारंवार वाटू लागले तर दोष सायकलस्वाराचाच असेल असे नाही. वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून चष्म्याच्या नंबरासोबत डोळ्यांचा दाब आणि कडेची दृष्टीही तपासून घ्यावी.

मान आखडलेली असेल तर वळण्यापूर्वी मागे पाहणे टाळले जाते. अशा वेळी दोन्ही आरसे नीट लावलेले हवेत. मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असतील तर पायाचा ब्रेक किती दाबला गेला हे कळत नाही. ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण गाडी चालवता की नाही हे विचारण्याचे त्यांच्याकडूनही राहून जाऊ शकते.

चाळिशीनंतर परवाना काढताना किंवा नूतनीकरण करताना वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, द्यावे लागते. अनेक घरांत तो कागद एक उपचार म्हणून मिळवला जातो. त्या निमित्ताने खरोखर तपासणी करून घेतली तर कायद्यामागचा हेतू सफल होईल. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. हा काळही आपल्याला काही सुचवतो.

उपवास, औषधे आणि राजूरचा रस्ता

आता चतुर्थीकडे येऊ. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो. दिवसभर उपाशी राहून, सायंकाळी भोकरदन रस्त्याने राजूरला जाऊन, गणपतीचे दर्शन घेऊन अंधारात परतणारे भाविक थोडे नाहीत. त्यांतील एखादे आजोबा मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर उपवासात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम येणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, विचार न सुचणे ही त्याची लक्षणे. घरात बसल्या जागी यावर साखर-पाण्याचा उपाय आहे; चालत्या गाडीवर तेवढा अवधी मिळत नाही.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना याहून कडक सल्ला आहे: साखर साधारण ९० किंवा त्याहून कमी असेल तर आधी काही खावे, आणि साखर उतरल्याचा त्रास झालाच, तर ती पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे गाडी चालवू नये. हा नियम आपल्याही उपयोगाचा आहे. उपवासाच्या दिवशी औषधाचे प्रमाण काय ठेवायचे हे आधीच डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. खिशात ग्लुकोज किंवा गूळ ठेवावा, आणि गाडी त्या दिवशी दुसऱ्याने चालवावी.

सर्दीच्या काही गोळ्यांनी, झोपेच्या गोळ्यांनी, नसांच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन व प्रीगॅबालिनसारख्या औषधांनी गुंगी येऊ शकते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही औषधांनी उभे राहताना चक्कर येते. नवे औषध सुरू झाले की 'हे घेऊन गाडी चालवू का?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला किरकोळ मार लागला, वरून काही दिसत नसले, तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ हा क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा.

उन्हाचा विचारही हवाच. २४ सप्टेंबर २०२३ रोजी बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली, तेव्हा उष्म्यामुळे फेऱ्या २४ वरून २१ करण्यात आल्या. तरीही दुसऱ्या क्रमांकावर आलेला स्पेनचा होर्खे मार्टिन शर्यतीनंतर कोलमडला. ऐन पंचविशीतील, सराव केलेल्या खेळाडूची ही कथा. वाढत्या वयात तहान कमी लागते, त्यामुळे शरीरातील पाणी कमी झाल्याचे उशिरा समजते. जालन्याच्या एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार या वेळेत गाडी काढू नये. काढावीच लागली तर निघण्यापूर्वी पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे.

मागे बसणाऱ्या आजीसाठी

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह पाहावे, ते डोक्याला घट्ट बसावे आणि पट्टा लावलेला असावा. मानेचे दुखणे असल्यास त्यातल्या त्यात हलके निवडावे, पण टाळू नये. गाडीला मागे धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असलीच पाहिजे. ही जाळी शोभेसाठी काढून टाकू नये, कारण पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात फार भयंकर असतात. पदर खोचून घ्यावा, शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे आणि पिशवी मांडीवर न ठेवता गाडीला अडकवावी.

थांबण्याचा झेंडा

ट्रॅकवर झेंड्यांना फार मान असतो. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, कोणाला ओलांडायचे नाही. लाल दिसला की सर्वांनी सावकाश परत यायचे. काळा झेंडा एखाद्या चालकाला उद्देशून दाखवतात. तो दिसल्यावर त्याने वाद न घालता गाडी पिटमध्ये आणायची. त्यात त्याचा अपमान झाला असे कोणी मानत नाही.

घरातही पिवळे झेंडे दिसत असतात. गाडीवर नवे ओरखडे येणे, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणे, गाडी स्टँडवर लावताना तोल जाणे, सिग्नलला पाय टेकताना लटपटणे, शेजाऱ्यांनी 'काका जरा जपून' असे सांगणे. यांपैकी दोन गोष्टी दिसू लागल्या तर रात्रीची आणि महामार्गाची गाडी तरी थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. एकदाही शुद्ध हरपली किंवा झटका आला असेल, तर तो लाल झेंडा समजावा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत चावी हातात घेऊ नये.

घरच्यांना एक विनंती. चावी लपवून ठेवू नका. ज्या माणसाने त्याच गाडीवर तुम्हाला शाळेत सोडले, त्याला तुम्ही चोरासारखे वागवत आहात असे वाटेल. जेवण झाल्यावर निवांत बसून बोला. "बाबा, आता तुम्हाला जमत नाही," असे म्हणण्यापेक्षा "बाबा, रात्रीचं मी घेऊन जाईन, सकाळी तुम्ही चालवा," असे म्हणा. गाडी सुटली की देवदर्शन, मित्रांचा कट्टा, बाजार हे सारेच सुटेल, ही त्यांची खरी भीती असते. त्यासाठी पर्याय आधी तयार ठेवा. ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटास निम्म्या भाड्यात, आणि महिलांनाही निम्म्या भाड्यात. राजूरला एसटीने सकाळी जाऊन दुपारच्या आत परत येता येते, आणि आजीही सोबत येऊ शकते.

आणि आजोबा, आपल्यालाही एक विनंती. नातू ट्रॅक डेला निघेल त्या दिवशी त्याच्याजवळची यादी मागून घ्या. झोप, डोळे, औषध, टायर, ब्रेक, हेल्मेट या सहा शब्दांची चिठ्ठी घराच्या दाराशी, चावीच्या खिळ्याशेजारी लावा. पुढच्या चतुर्थीला चावीकडे हात जाईल तेव्हा ती एकदा वाचा. सहाही उत्तरे मनासारखी आली तर सकाळीच निघा आणि उजेडात परत या. एखादे उत्तर अडले, तर त्या दिवशी चावी खिळ्यालाच राहू द्या.