कॅल्क्युलस टू : गणितात मेजर करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

आपल्या मंडळातल्या काही घरांतली मुले आता बारावीनंतर थेट अमेरिकेला शिकायला जातात. बहुतेक इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतात, पण एखाददुसरे मूल गणितात मेजर करते. अशा मुलाचे पहिले सत्र सहसा झकास जाते. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर मात्र घरी फोन येतो, 'कॅल्क्युलस टू जड जातंय, मेजर बदलू का?' आईवडील घाबरतात आणि 'बदल बाबा' म्हणून मोकळे होतात. हा निर्णय घेण्यापूर्वी त्या कोर्समध्ये नेमके काय असते ते माहीत हवे, म्हणून हा लेख.

मी बी.कॉम. झालेला, आयुष्यभर बँकेत व्याज मोजलेला माणूस. कॅल्क्युलस मी निवृत्तीनंतर वाचले. त्यामुळे उदाहरणे बँकेतलीच येतील, ती चालवून घ्यावीत.

तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत कॅल्क्युलस तीन सत्रांत शिकवतात. पहिल्यात लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह, शेवटी थोडे इंटिग्रेशन. तिसऱ्यात एकाहून जास्त चलांचे गणित. मधल्या दुसऱ्या कोर्सचे दोन तुकडे पडतात. पहिल्यात इंटिग्रेशनच्या पद्धती, म्हणजे सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, आणि त्यांचा क्षेत्रफळ-घनफळासाठी उपयोग. दुसऱ्यात अनंत श्रेणी, म्हणजे इन्फिनिट सिरीज.

आपल्या मुलांची गोम इथेच आहे. पहिला तुकडा सीबीएसई असो वा गुजरात बोर्ड, बारावीत बराचसा झालेला असतो. अमेरिकन मुले बाय पार्ट्सशी झगडत असताना आपला मुलगा अर्ध्या वेळात पेपर टाकून बाहेर येतो. सहा-सात आठवडे असे गेले की अभ्यासाची सवय सुटते. मग सिरीज सुरू होते, आणि ती बारावीत भूमिती श्रेढीच्या पलीकडे कोणी शिकवलेली नसते. त्यातून प्रश्नाची जातच बदलते. आतापर्यंत प्रश्न असे 'उत्तर काढा'. आता प्रश्न येतो, 'याला उत्तर आहे का ते ठरवा, आणि कारण द्या'.

हे कसे, ते दोन योजनांवरून पाहू. पहिल्या योजनेत तुम्हाला यंदा १,००० रुपये मिळतील, पुढच्या वर्षी ५००, मग २५०, दर वर्षी आदल्या हप्त्याच्या निम्मे, असे कायमचे. दुसऱ्या योजनेत यंदा १,०००, पुढच्या वर्षी १,००० भागिले २, मग भागिले ३, भागिले ४, असे कायमचे. व्याज सोडून द्या, नुसती बेरीज करा. दोन्हींत हप्ता आटत आटत शून्याकडे जातो. पहिल्या योजनेची एकूण रक्कम २,००० च्या वर कधीच जात नाही. दुसरीची?

अंदाज विचारला तर दहापैकी नऊ जण म्हणतील, तीही कुठेतरी थांबेल. पहिल्या १० वर्षांत २,९२९ रुपये जमतात, १०० वर्षांत ५,१८७. वेग इतका मंद की १०,००० ओलांडायला १२,३६७ वर्षे लागतात. तरीही ही बेरीज थांबत नाही. तिसरे आणि चौथे वर्ष एकत्र घ्या : दोन्ही हप्ते किमान २५० चे, म्हणजे निदान ५०० जमा. पाचव्या ते आठव्या वर्षाचे चार हप्ते किमान १२५ चे, पुन्हा निदान ५००. नवव्या ते सोळाव्याचे आठ हप्ते किमान साडेबासष्टचे, पुन्हा ५००. गठ्ठे लांबत जातात, पण प्रत्येक गठ्ठा निदान ५०० देतो आणि गठ्ठ्यांना अंत नाही. तेव्हा तुम्ही कोणताही आकडा सांगा, कधी ना कधी ही योजना तो ओलांडणारच. हा युक्तिवाद निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने चौदाव्या शतकात मांडला.

कितीही वर्षांची बेरीज करून पाहिली असती तरी हे कळले नसते, हे लक्षात घ्या. कॅल्क्युलेटर इथे उलट दिशाभूल करतो. मुलांचे मार्क जातात तेही इथेच. 'पदे शून्याकडे जातात, म्हणून सिरीज कन्व्हर्ज होते' असे लिहून ती मोकळी होतात. पदे शून्याकडे जाणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. मग पुरेसे काय, हे ठरवण्यासाठी रेशो टेस्ट, कम्पॅरिझन टेस्ट, इंटिग्रल टेस्ट अशा पाच-सात कसोट्या शिकवतात. कोणती कधी लावायची याचे पक्के सूत्र नाही, श्रेणीकडे पाहून ठरवावे लागते. कर्जाचा अर्ज तपासताना ताळेबंद, तारण, जुना व्यवहार यांपैकी आधी काय उघडायचे हे जसे अनुभवाने कळते, तसेच.

आता दुसरा नमुना, माझ्यासारख्या माणसाची झोप उडवणारा. खात्यात एक लाख जमा, पन्नास हजार नावे, एक लाखाचा तिसरा हिस्सा जमा, चौथा हिस्सा नावे, असे अखंड चालू ठेवा. शिल्लक ६९,३१५ रुपयांच्या जवळ जाऊन ठरते. आता त्याच नोंदी, एकही न गाळता, वेगळ्या क्रमाने लिहा : एक जमा, मग दोन नावे. म्हणजे एक लाख जमा, दुसरा हिस्सा नावे, चौथा हिस्सा नावे. मग तिसरा जमा, सहावा आणि आठवा नावे. प्रत्येक जमेतून तिच्या लगतची नावे वजा केली की निम्मी उरते. एकातून अर्धा गेला, अर्धा राहिला. तिसऱ्या हिश्शातून सहावा गेला, सहावा राहिला. उरते ती मूळचीच मालिका, पण प्रत्येक रक्कम निम्मी. शिल्लक येते ३४,६५७. नोंदी त्याच, क्रम बदलला आणि शिल्लक अर्ध्यावर आली! कोणत्याही शाखेत असे झाले असते तर दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी दारात उभा राहिला असता.

नोंदी मोजक्या असतील तर क्रमाने काही बिघडत नाही. अनंत असतील तर बिघडू शकते. केव्हा बिघडते आणि केव्हा नाही, याचा पक्का नियम आहे : सगळ्या रकमा जमेच्या मानून केलेली बेरीज थांबत असेल तर क्रम हवा तसा बदला. इथे ती थांबत नाही, कारण ती आपली दुसरी योजनाच आहे. इंजिनिअरिंगच्या मुलाने नियम पाठ केला तरी त्याचे निभते. गणितात मेजर करणाऱ्याला 'असे का' हा प्रश्न पडायला हवा, कारण पुढे रिअल ॲनालिसिस नावाचा जो कोर्स येतो त्यात हेच प्रश्न बारकाईने सिद्ध करायचे असतात.

या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. एक रुपया वर्षाला शंभर टक्के दराने ठेवला आणि व्याज रोज मुद्दलात मिळवले तर वर्षाअखेर २.७१४६ रुपये होतात. क्षणाक्षणाला मिळवले तर २.७१८३, हाच तो प्रसिद्ध आकडा ई. आता १ + १ + १/२ + १/६ + १/२४ + १/१२० + १/७२० एवढी सात पदे मिळवा. २.७१८१ येतात. चक्रवाढीच्या ३६५ पायऱ्या एकीकडे आणि श्रेणीची सात पदे एकीकडे, तरी श्रेणीच खऱ्या उत्तराच्या जवळ. कोर्सच्या शेवटी येणाऱ्या टेलर सिरीजची ताकद ही. आपल्या केरळातल्या माधवाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस पाय आकड्यासाठी अशी श्रेणी शोधली होती : १ − १/३ + १/५ − १/७ आणि पुढे, सगळ्याची चौपट. तिची शंभर पदे घेतली तरी ३.१३१६ च येतात. ही संथ चाल ओळखून माधवाच्या परंपरेने शेवटी जोडायची दुरुस्तीची पदेही दिली आहेत. श्रेणी कुठे पोचते आणि किती लवकर पोचते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

आता व्यवहाराचे. फोन आला की पहिला प्रश्न हा विचारा : मार्क कोणत्या तुकड्यात गेले? इंटिग्रेशनमध्ये गेले असतील तर सराव कमी पडला आहे, तो महिन्याभरात भरून निघतो. सिरीजमध्ये गेले असतील तर मुलाला विचारा, 'हे कंटाळवाणं वाटतं की अवघड वाटतं?' अवघड वाटणे हे मेजर सोडायचे कारण नाही. कंटाळा येत असेल, 'का' या प्रश्नाची चीड येत असेल, तर मात्र शांतपणे विचार करावा. आणि कॉम्प्युटर सायन्सला गेले की यातून सुटका, हाही गैरसमज आहे. बऱ्याच विद्यापीठांत त्यांनाही हा कोर्स लागतो.

कोर्स मध्येच ड्रॉप करण्याआधी क्रेडिट मोजा. एफ-१ व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात सहसा किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात. हा कोर्स बहुधा चार क्रेडिटचा असतो. तो सोडल्याने १२ च्या खाली येत असाल तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी घ्या, नाहीतर मार्कांचा प्रश्न व्हिसाचा होऊन बसेल.

काही मुले एपी कॅल्क्युलस बीसी देऊन गेलेली असतात आणि त्या गुणांवर हा कोर्स टाळू शकतात. माझे मत, इंजिनिअरिंगवाल्याने खुशाल टाळावा. गणितवाल्याने आधी विभागाची मागच्या वर्षीची अंतिम परीक्षा मिळवून फक्त सिरीजचे प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. ते नीट सुटले तर पुढे जावे. नाही सुटले तर कोर्स घ्यावा, ऑनर्सची तुकडी असेल तर तिथे. आणि पहिल्या सोप्या आठवड्यांतच सिरीजचे प्रकरण उघडावे. जेम्स स्ट्यूअर्ट यांचे जाडजूड पुस्तक लावलेले असेल तर ते अकरावे प्रकरण. (या पुस्तकांच्या कमाईवर स्ट्यूअर्ट यांनी टोरांटोत जे घर बांधले, त्याचे नाव इंटिग्रल हाऊस.)

तिसऱ्या कोर्सची धास्ती दुसऱ्यावरून घेऊ नये. त्यात सिरीजचा फारसा संबंध येत नाही, आणि दुसऱ्यात धडपडलेली कित्येक मुले तिसऱ्यात आरामात बसतात. तो घेताना बरोबर लिनियर अल्जिब्रा घेता आला तर घ्यावा, दोन्ही विषय एकमेकांना मदत करतात.