शहापूरचे पाणी, मुंबईची हवा

मे महिन्याची सुट्टी लागली, की आम्हा मुंबईकरांना ‘गावची हवा’ आठवते. मुलाबाळांसह कसाऱ्याची गाडी पकडावी, आसनगावला उतरावे आणि शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या आप्ताच्या ओसरीवर आठ-पंधरा दिवस ठाण मांडावे, हा कित्येक घरांचा परिपाठ! आमच्या शहापूरच्या मावशींनी एकदा मला थट्टेने विचारले, “काय रे, पाणी आमचं पितोस, हवा आमची खातोस, आम्हांला देतोस काय?”

पाण्याचे खरेच आहे. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे मोडकसागर आणि भातसा आले. शहापूर तालुक्यातले हे पाणी मुंबईच्या नळाला येते. मुंबई परतफेड करते ती हवेने, आणि ती हवा घेण्याजोगी नसते.

आकाशात उंचावर असलेला ओझोन वायू सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. तोच जमिनीलगत आला की घसा जाळतो. गंमत अशी, की तो कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. मोटारी आणि कारखाने यांतून निघणारी नत्राची ऑक्साइडे, पेट्रोल व रंग यांच्या वाफा आणि कडक ऊन, ही त्रयी जमली की तो हवेतच शिजतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे कोडे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास उलगडले.

या शिजण्याला काही तास लागतात. शिवाय शहराच्या रस्त्यावर ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊनही टाकतो. म्हणून वाऱ्याच्या वाटेवरच्या गावांत तो शहराहून अधिक भरू शकतो. आपल्याकडे ऊन चढले की खारे वारे सुटतात. ते मुंबई, ठाणे, भिवंडी, कल्याणची हवा घेऊन शहापूर-मुरबाडकडे सरकतात; पुढे सह्याद्रीची भिंत उभी असतेच.

तानसा-भातसाच्या जलाशयांवरूनही दुपारी मंद झुळूक येते, पण तिची धाव काठापुरती. अमेरिकेतील समुद्राएवढ्या मिशिगन सरोवराचे तसे नाही. शिकागोकडची हवा दक्षिण वाऱ्याबरोबर त्या पाण्यावर जाते, तिथल्या थंड, उथळ थरात कोंडते, उन्हाने तिच्यात ओझोन होतो आणि सरोवराचा वारा तो शेबॉयगनसारख्या लहानशा गावावर आणून टाकतो. २०१७ च्या मे-जूनमध्ये शास्त्रज्ञांनी विमानांतून आणि जहाजावरून याचा माग काढला. शेबॉयगनने आपल्या मोटारी कितीही कमी केल्या, तरी शिकागोचा धूर थांबल्याशिवाय त्याची सुटका नाही!

मुलांच्या, दमेकऱ्यांच्या आणि भर दुपारी राबाचा पालापाचोळा गोळा करणाऱ्या बायाबापड्यांच्या छातीला हा वायू बाधतो. पिकाच्या पानांत शिरून उत्पन्नही घटवतो. भारताच्या २००९ च्या मानकानुसार आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. मात्र ती केवळ शहराच्या चौकात मोजून भागत नाही. वारा जिथे पोहोचतो तिथेही मोजली पाहिजे.

वाचकहो, पावसाळी ढग आले की ओझोन बहुधा ओसरतो. तोवर गावी गेलात, तर पोरांना सकाळी आणि दिवेलागणीला मनसोक्त हुंदडू द्या. ऐन दुपारी घरात पत्ते कुटू द्या. नाकाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. आणि मोटार काढण्यापूर्वी एकदा लोकलचे वेळापत्रक पाहा. तेवढाच धूर मावशींच्या अंगणात कमी!