तीन तासांचा पेपर : थकते कोण?

बारावीच्या बोर्डाचे बहुतेक पेपर तीन तासांचे असतात. वैद्यकीय प्रवेशासाठी द्यावी लागणारी ‘नीट’ ही परीक्षाही २०२५ साली तीन तासांचीच होती. बोर्डाच्या पेपरात पुरवण्या घ्याव्या लागतात, लिहून लिहून बोटे दुखतात. ‘नीट’मध्ये लिहायचे असे काहीच नसते, चारपैकी एक वर्तुळ काळे केले की झाले. तरीसुद्धा या दुसऱ्या परीक्षेतून बाहेर पडणारा विद्यार्थी पहिलीपेक्षा अधिक शिणलेला दिसतो, आणि पुष्कळदा सांगतो, “शेवटचे पंधरा-वीस प्रश्न वाचायचेच राहिले.” त्या न वाचलेल्या प्रश्नांत त्याला येणारे प्रश्नही असतात. प्रत्येकी चार गुणांचा हा तोटा अभ्यास न केल्यामुळे झालेला नसतो. मग तो कशामुळे होतो?

मेंदू दमला, असे उत्तर आपण चटकन देतो. ते थोडे तपासून पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. दिवसाकाठी त्याला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे तासाला पाच ग्रॅम आणि तीन तासांच्या पेपराला पंधरा ग्रॅम. चहाच्या चमच्याने मोजले तर तीन-चार चमचे साखर! गंमत अशी की तुम्ही पंख्याकडे बघत स्वस्थ बसलात तरी हा खर्च जवळजवळ तेवढाच होतो. अवघड गणित सोडवताना त्यात पडणारी भर फारच थोडी असते. यकृतात याहून कितीतरी मोठा साठा असतो. तेव्हा व्यवस्थित जेवलेल्या विद्यार्थ्याच्या मेंदूतील ‘इंधन’ दोन तासांत संपते, ही समजूत खरी नाही. परीक्षाकेंद्राच्या दाराशी ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी करणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल, पण त्याला इलाज नाही.

इंधन संपत नसले तरी लक्ष ढळते, हे मात्र खरे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातील रडारचालक पडद्यावर बराच वेळ नजर लावून बसले की पाणबुडीची खूण त्यांच्या नजरेतून निसटे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने यावर एक साधा प्रयोग केला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध केला. आकडे नसलेल्या तबकडीवर एक काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके आणि कधीतरी एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी दिसताच बटण दाबायचे, एवढेच काम, आणि तेही दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे अधिक उड्या चुकवू लागली. काम सोपे होते, पण एकसुरी होते.

आता याच्या उलट वाटणारा एक प्रयोग पाहा. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘सॅट’ नावाची परीक्षा घेतात. फिलिप अ‍ॅकरमन आणि रुथ कॅन्फर या संशोधकांनी २३९ विद्यार्थ्यांना या परीक्षेसारख्या तीन परीक्षा दिल्या : एक साडेतीन तासांची, दुसरी साडेचार तासांची आणि तिसरी साडेपाच तासांची. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. परीक्षा जितकी लांब तितका थकवा जास्त, असे विद्यार्थ्यांनी सांगितले. यात नवल नाही. पण गुण पाहिले तेव्हा ते घटलेले नव्हते. उलट लांब परीक्षांत सरासरी थोडी वरच गेली होती!

दमल्यासारखे वाटणे आणि काम खरोखर बिघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल. पेपर सुरू होऊन दोन तास झाले, डोके जड झाले, की “आता माझ्याकडून काही होणार नाही” असे मन सांगू लागते. ते ऐकून विद्यार्थी प्रश्न अर्धवट वाचतो, नाहीतर अंदाजाने वर्तुळे रंगवू लागतो. मग गुण खरोखरच जातात. थकव्याच्या जाणिवेने जेवढे नुकसान होते त्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवल्याने अधिक होते, असे मला वाटते.

तुम्ही म्हणाल, मग लांब परीक्षेत शेवटी शेवटी चुका वाढत नाहीत का? वाढतात. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तोच प्रश्न काही मुलांना आरंभी तर काही मुलांना अखेरीस येतो. अखेरीस आला की त्याचे बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण कमी होते, आणि ही घट सगळ्या देशांत सारखी नसते. ‘पिसा’तील गुणांवर मुलांचे स्वतःचे काही अवलंबून नसते, हेही लक्षात घ्या. नेट लावून धरण्याची इच्छा किती टिकते याचा यात मोठा भाग असावा.

आणखी एक धागा आहे. २०२२ साली पॅरिसमधील संशोधकांनी एका गटाला सुमारे सहा तास अवघड बौद्धिक काम दिले, दुसऱ्याला तितकाच वेळ सोपे काम दिले. अवघड काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट या रसायनाचे प्रमाण वाढलेले आढळले. शिवाय, उशिरा मिळणारे जास्त पैसे की लगेच मिळणारे थोडे, असे विचारले असता ते ‘लगेच’कडे अधिक झुकले. सहा तास म्हणजे आपल्या पेपराच्या दुप्पट, हे खरे. पण शिणलेल्या मनाला सोपी वाट निवडण्याचा मोह होतो, ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. कारण ‘नीट’मध्ये एकशेऐंशी उत्तरे द्यायची असतात, तसेच एकशेऐंशी वेळा ‘हा प्रश्न धरू की सोडू’ हेही ठरवायचे असते. असे निर्णय अडीच तासांनंतर, जड डोक्याने घेण्यापेक्षा घरीच घेऊन ठेवलेले बरे.

तेव्हा हिशेबाला लागू या. २०२५ च्या ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. एकाला एक मिनिट, असे वाटेल. पण वर्तुळ नीट काळे करायला चार सेकंद धरले तर त्यातच बारा मिनिटे जातात. उरली १६८ मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ५६ सेकंद. आता जीवशास्त्राचे ९० प्रश्न सरासरी ४० सेकंदांत उरकले तर ६० मिनिटे लागतील. रसायनशास्त्राच्या ४५ प्रश्नांना ५६ सेकंदांप्रमाणे ४२ मिनिटे. मग भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांसाठी ६६ मिनिटे मोकळी राहतात, म्हणजे प्रत्येकी ८८ सेकंद. आकडेमोडीच्या प्रश्नाला मिनिट पुरत नाही ही तक्रार येथे मिटते. तुमचा वेग वेगळा असेल तर हे आकडे बदला, पण आकडे हवेतच.

सर्वांत महाग पडतो तो अडलेला प्रश्न. “एवढा वेळ घातलाच आहे, आता शेंडी तुटो की पारंबी तुटो” म्हणून विद्यार्थी एका गणिताला पाच मिनिटे चिकटून बसतो. वरच्या हिशेबाने तेवढ्या वेळात जीवशास्त्राचे सात प्रश्न होतात. चार गुणांसाठी अठ्ठावीस गुण पणाला! म्हणून नियम असा करा : प्रश्न वाचल्यावर दीड मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जायचे आणि सर्व प्रश्न एकदा पाहून झाल्यावरच मागे वळायचे. प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेवरील त्याची ओळही सोडावी लागते. ती एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरे चुकीच्या घरात पडतात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहण्याची सवय म्हणूनच हवी. त्याच वेळी दोन दीर्घ श्वास घ्या, नजर कागदावरून उचलून समोरच्या भिंतीवर टाका. एकसुरी काम मध्येच क्षणभर सोडले तर अवधान टिकते, असे इलिनॉय विद्यापीठातील २०११ च्या एका प्रयोगात दिसून आले होते.

राज्याच्या सी.ई.टी.चे गणित निराळे. २०२५ साली भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, तर गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे होते. प्रश्नाला पहिल्या भागात ५४ सेकंद आणि दुसऱ्यात १०८. चुकीला गुण कापले जात नव्हते, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नव्हता. ‘नीट’मध्ये मात्र चुकीला एक गुण जातो, चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर अंदाज करणे सरासरीने दीड गुण फायद्याचे ठरते, काहीच खोडता आले नाही तर जेमतेम पाव गुणाचे.

वेळेविषयी आणखी एक. २०२५ ची ‘नीट’ दुपारी २ ते ५ या वेळात झाली, तीही मे महिन्यात. दुपारी एक ते चारच्या सुमारास आपली सतर्कता निसर्गतःच उतरते, जेवण केले नाही तरीही. भरपेट जेवलात तर अधिकच. पहाटे उठून सराव करणाऱ्याला या वेळेची ओळखच नसते. शिक्षकांनी शक्य तेव्हा सराव परीक्षा दुपारीच ठेवाव्यात, आणि त्या लागोपाठच्या तासांना जोडून घेऊ नयेत. डेन्मार्कमधील शालेय चाचण्यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवस जसा चढतो तसे गुण किंचित घसरतात आणि वीस-तीस मिनिटांच्या सुटीनंतर सुधारतात, असे आढळले होते.

शेवटी एक प्रयोग. तीन तासांचा सराव पेपर दुपारी दोन वाजता सोडवायला बसा. दर पंधराव्या प्रश्नाला समासात घड्याळातील वेळ टिपा. पेपर तपासल्यावर पंधरा-पंधरा प्रश्नांचे बारा गट करा आणि प्रत्येक गटापुढे लागलेली मिनिटे, चुका आणि कोरे प्रश्न लिहा. चुका तपासताना ‘येत नव्हते’ आणि ‘येत होते, पण वाचण्यात चूक झाली’ असे दोन रकाने पाडा. दुसरा रकाना शेवटच्या गटांत फुगलेला दिसला, तर आधीच्या कोणत्या गटात मिनिटे जास्त लागली ते पाहा. असे चार पेपर झाले की चार तक्ते शेजारी शेजारी ठेवा.